मानाचे पान कोणाला आणि कोणत्या निकषावर?

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते आणि दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रात एक जुना वाद नव्याने रंगतो. यादीत जे आहेत त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. बोलणे होते ते जे नाहीत त्यांच्याविषयी. क्रीडापटू किंवा उद्योगपती यांच्याबाबत हा वाद चार दिवसांत विरतो, कारण तेथे धावा, पदके, उलाढाल असे काहीतरी मोजता येण्यासारखे असते. गायक-वादकांच्या बाबतीत तो विरत नाही. अमक्यांना ‘भूषण’ आणि तमक्यांना ‘श्री’ का, याची चर्चा संगीतसभांच्या मध्यंतरात वर्षानुवर्षे चालते, आणि ती करणारे श्रोते अडाणी नसतात. मात्र ही चर्चा नेहमी नावांपाशी सुरू होते आणि नावांपाशीच संपते. निवड कोणत्या कसोटीवर झाली, हा प्रश्न विचारला जात नाही. आणि विचारला तरी त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

या यादीच्या शिखरापासूनच पाहू. ‘भारतरत्न’ हा सन्मान १९५४ साली सुरू झाला. संगीतक्षेत्रातील पहिले नाव त्यात यावयास १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एम. एस. सुब्बुलक्ष्मी, १९९९ साली रविशंकर, २००१ साली लता मंगेशकर आणि बिस्मिल्ला खाँ, २००९ साली भीमसेन जोशी आणि २०१९ साली, मरणोत्तर, भूपेन हजारिका. सात दशकांत सहा नावे. या सहांपैकी एकाच्याही योग्यतेविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करू नये, आणि भीमसेनांनी तर हा सन्मान हिंदुस्थानी संगीतासाठी आयुष्य वेचणाऱ्या सर्व गायकांच्या वतीने आपण स्वीकारीत आहोत, अशा आशयाचे उद्गार काढून वादाची धार स्वतःच बोथट केली होती. परंतु पहिल्या चव्वेचाळीस वर्षांत एकाही संगीतकाराचे नाव सुचू नये, याचा अर्थ काय लावावयाचा? त्या काळात ओंकारनाथ ठाकूर गेले, बडे गुलाम अली खाँ गेले, अमीर खाँ गेले, अल्लाउद्दीन खाँ गेले. १९९२ या एकाच वर्षात कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर गेले. म्हणजे रत्ने नव्हती असे नव्हे. संगीत हे राष्ट्राच्या सर्वोच्च सन्मानास पात्र असे कार्य आहे, हेच शासनाच्या ध्यानी आले नव्हते. १९९८ नंतर अकरा वर्षांत पाच नावे एकामागोमाग आली आणि पुन्हा दहा वर्षांचा खंड पडला. या चालीत कोणताही ताल शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

यातून जो विसंवाद निर्माण होतो त्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. रविशंकर हे मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य. अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी ही सारी त्याच अंगणातली झाडे. शिष्याला भारतरत्न मिळाले, गुरूच्या नावापुढे पद्मविभूषणावर रेघ थांबली. रविशंकरांनी जगभर जो श्रोता मिळविला तो त्यांचा स्वतःचा पराक्रम होता, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. अर्थशास्त्रात ज्याला ‘बाह्य लाभ’ म्हणतात, म्हणजे एखाद्याच्या श्रमाचे असे फळ जे त्याच्या स्वतःच्या हिशेबवहीत कधीच जमा होत नाही, ते संगीताइतके दुसऱ्या कोणत्या व्यवसायात आढळत असेल असे वाटत नाही. गुरूने चार शिष्य घडविले, त्या चौघांनी चाळीस मैफली गाजविल्या, तर टाळ्या शिष्यांच्या खात्यावर पडतात. पुरस्कार देणारी समिती हीच टाळ्यांची वही समोर ठेवून बसते.

महाराष्ट्राला हे अधिक जाणवावयास हवे, कारण आपली सर्वांत मोठी सांगीतिक संपत्ती अशाच, वहीत न नोंदलेल्या, माणसांनी निर्माण केली. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. मात्र बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गाणे त्यांच्या तालमीत घडले आणि पुण्याचे भारत गायन समाज हे त्यांनीच १९११ साली लावलेले रोप होय. अल्लादिया खाँसाहेब शाहूमहाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले आणि १९४६ साली वारले. त्यांनीही ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. परंतु केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ हे त्यांचे पुत्र, त्या पुत्रांकडून मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाईंकडून किशोरी आमोणकर हा सारा वंशवृक्ष डोळ्यांसमोर आणला, म्हणजे विसाव्या शतकातील ख्यालगायनाचा केवढा भाग एका माणसाच्या बुद्धीतून उगवला, याची कल्पना येते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली झाला. फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आला आणि गोहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हापासून गाणे दोन प्रकारचे झाले, उरणारे आणि न उरणारे. ज्याचे गाणे उरले त्याची कीर्ती उरली. ही निवड गुणवत्तेने केलेली नाही, यंत्राने केलेली आहे. आणि आपण तिला काळाचा निवाडा असे भारदस्त नाव देऊन मोकळे होतो.

आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी श्रीमती बिलिंग्टन या गायिकेचा दाखला देऊन म्हटले होते की मानवी आवाज जितक्या माणसांपर्यंत पोचू शकतो त्यांची संख्या मर्यादित आहे, म्हणून गायकाच्या मिळकतीलाही मर्यादा आहे. १९८१ साली शेर्विन रोझेन यांनी हाच धागा पुढे नेला. आवाज पोचविण्याची मर्यादा तंत्रज्ञानाने नाहीशी केली, की गुणवत्तेतील थोड्याशा फरकाने मिळकतीत मात्र प्रचंड अंतर पडते. पहिल्या क्रमांकाचा गायक साऱ्या बाजारपेठेला एकटाच पुरतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या, जवळजवळ तितक्याच गुणी गायकाला गिऱ्हाईक उरत नाही. रोझेन मिळकतीविषयी बोलत होते. कीर्तीच्या बाबतीतही अगदी असेच घडते. सुमन कल्याणपूर यांचा आवाज आपल्या तीन पिढ्यांनी ऐकला. त्यांना पद्मभूषण मिळाले ते २०२३ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. शासनाने बाजाराने दिलेल्या निकालावरच शिक्का उठवावयाचा असेल, तर पुरस्कारांचा खटाटोप कशाला? बाजाराने ज्याला भरभरून दिले त्याला शासनाने आणखी एक शाल पांघरून काही साधत नाही. बाजाराचा हात जेथे आखडतो तेथे समाजाची कृतज्ञता पोचविणे, एवढेच अशा सन्मानाचे आर्थिक दृष्ट्या समर्थन होऊ शकते.

मोजमापाचा मोह किती फसवा आहे हे पाहावयाचे असेल तर गिनेस बुकाची कथा आठवावी. त्या पुस्तकाच्या १९७४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावे पंचवीस हजार गाण्यांचा विक्रम नोंदला गेला. महंमद रफी यांनी त्याला आक्षेप घेतला. पुढे १९९१ साली ती नोंदच काढून टाकण्यात आली आणि २०११ साली आशा भोसले यांच्या नावे अकरा हजारांपर्यंतच्या गाण्यांची नोंद झाली. म्हणजे पंचवीस हजारांचा विक्रम अकरा हजारांनी मोडला! संख्याशास्त्र शिकविणाऱ्याने वर्गात सांगावा असा हा किस्सा आहे. पण खरी गंमत याहून वेगळी आहे. समजा हा आकडा शेवटच्या गाण्यापर्यंत बिनचूक सांगता आला असता, तरी त्यातून आपल्याला नेमके काय कळले असते? या दोघी बहिणींचे मोठेपण ज्याला कळते त्याला आकड्याची गरज नाही आणि ज्याला आकड्याची गरज आहे त्याला ते मोठेपण कळलेले नाही.

मग हे काम जाणकारांवर सोपवावे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यांनी आपल्या आकाशवाणीचा इतिहास एकदा पाहावा. १९४० साली आकाशवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. विदेशी वाद्य, मींड नाही, श्रुती नाहीत, असे त्यावरचे आरोप. ही बंदी १९७१ सालापर्यंत चालली. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले त्या महाराष्ट्रातील पेटीवादकांनी ही तीन दशके कशी काढली असतील? तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तोच शासनसंस्थेचा हात वेगळी सही करीत होता. बाळकृष्ण केसकर हे १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, संगीताचा खरा अभ्यासक, हेतू निर्मळ. त्यांनी चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून हुसकावून लावले आणि शास्त्रीय संगीताच्या प्रसाराचा ध्यास घेतला. परिणाम असा झाला की देशातील श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला, ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोचली आणि अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली. ज्या गाण्याला १९५२ साली शासनाने दाराबाहेर उभे केले, त्या गाण्याच्या सम्राज्ञीला त्याच शासनाने २००१ साली भारतरत्न दिले. जाणकारांचा निवाडा पन्नास वर्षांत इतका फिरू शकतो. तो फिरला याचे दुःख नाही. पहिला निवाडा देताना तो फिरू शकेल अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवली नाही, हे विशेष होय. केसकरांच्या बाजूने एक मात्र म्हटले पाहिजे, की रेडिओवरील कलावंतांसाठी चाचणी आणि श्रेणी यांची जी व्यवस्था त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली ती कितीही कटकटीची ठरली, तरी ती उघड होती. नापास झालेल्याला आपण नापास झालो हे तरी कळत असे.

पद्म पुरस्कारांच्या बाबतीत तेही कळत नाही. विलायत खाँ यांनी पद्मश्री नाकारली, पद्मभूषण नाकारले आणि २००० साली पद्मविभूषणही नाकारले. आपल्या सतारीचे मूल्यमापन करण्याची पात्रता या समितीत नाही, असा त्यांचा सरळ रोख होता. अनेकांनी त्याला खाँसाहेबांचा ताठा म्हटले. ताठा होताच, पण मुद्दा खोटा होता काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे पुरस्कार घटनाबाह्य किताब नाहीत, असा निर्वाळा देताना निवडीच्या पद्धतीविषयीही चिंता व्यक्त केली होती आणि नावाच्या मागेपुढे हे सन्मान लावू नयेत, असे बजावले होते. त्यातील दुसरा भाग आपण किती पाळतो ते कोणतीही निमंत्रणपत्रिका पाहून समजावे. पहिल्या भागाविषयी एवढेच, की गेल्या काही वर्षांपासून कोणालाही शिफारस पाठविता येते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे आणि तिच्यामुळे आडगावची काही अस्सल नावे पुढे आली हेही खरे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांच्यासारख्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपणाऱ्या ठाकर कलावंताला २०२१ साली पद्मश्री मिळाली. तथापि दार कोणासाठीही उघडे असणे आणि आत काय घडते ते दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडीमागची कारणे एका परिच्छेदातही प्रसिद्ध होत नाहीत.

अमेरिकेत ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ नावाची संस्था आहे. १९८३ साली ती स्थापन झाली, पहिली नावे १९८६ साली घेतली गेली आणि क्लीव्हलँड शहरात तिचे भव्य संग्रहालय १९९५ साली उघडले. तिचा एक साधा नियम आहे: पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन पंचवीस वर्षे झाल्याखेरीज कोणाचेही नाव विचारात घ्यावयाचे नाही. त्यानंतर हजारावर लोक मतदान करतात. या संस्थेच्या कारभाराविषयी गाऊ नये तेवढी गुणगाणी गाण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षीच्या दहा गायक-वादकांत एकही स्त्री नव्हती. आरेथा फ्रँकलिन १९८७ साली आली. या संगीतप्रकाराच्या उगमाशी जिचे नाव घ्यावे लागते ती सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय गायिका आणि गिटारवादक १९७३ साली वारली, आणि तिला प्रवेश मिळाला २०१८ साली. तिच्यापासून शिकलेले आधी आत गेले. आपल्या मैहरच्या गोष्टीशी हे किती जुळते! तरीही तेथे नियम छापलेला आहे, यादी जाहीर होते, कोणाला डावलले हे मोजता येते, आणि म्हणून लोकांनी आरडाओरड केली, की चूक दुरुस्तही होते. गुप्त यादीविरुद्ध आरडाओरड करावयाची तरी कशी?

निवड कशी करावी याचा एक वेगळाच दाखला केसरबाईंच्या चरित्रात आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीची ओळख म्हणून एक सोनेरी तबकडी बसविली गेली. कार्ल सेगन यांच्या समितीने साऱ्या जगातील संगीतातून सुमारे दीड तासाच्या सत्तावीस रचना निवडल्या. त्यांत हिंदुस्थानातील एकच, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. समितीने आपण काय घेतले, काय वगळले आणि का, याविषयी पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिले. ‘व्हॉयेजर-१’ हे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांना आपल्या देशाने १९६९ साली पद्मभूषण दिले होते. पद्मविभूषण नाही. एका परक्या समितीला जे साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून समजले ते आपल्याला त्यांच्या मैफलींतून समजले नव्हते असे नाही. समजलेले लिहून ठेवण्याची आणि त्याला उत्तरदायी राहण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती, आजही नाही.

आता नावांविषयी बोलण्याचे टाळणे भित्रेपणाचे ठरेल. किशोरी आमोणकर यांना २००२ साली पद्मविभूषण मिळाले आणि २०१७ साली त्या गेल्या. त्यांना भारतरत्न मिळावयास हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. भीमसेनांच्या तुलनेने त्या उजव्या की डाव्या, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. भीमसेनांनी किराणा गायकीचा श्रोता खेड्यापाड्यांपर्यंत वाढविला. किशोरीताईंनी जयपूर गायकीची घडण आतून बदलली आणि त्यासाठी घराण्याच्या अभिमान्यांचा रोष पत्करला. एकाने विस्तार केला, दुसरीने खोली वाढविली. राष्ट्रीय सन्मानाच्या व्यवस्थेला विस्तार दिसतो, खोली दिसत नाही. कुमार गंधर्वांविषयीही हेच म्हणता येईल. मरणोत्तर सन्मानाला नियमाची आडकाठी नाही. १९५५ सालापासून ती वाट मोकळी आहे. मदनमोहन मालवीय १९४६ साली वारले आणि २०१५ साली त्यांना भारतरत्न दिले गेले. अल्लादिया खाँसाहेबांच्या निधनाचे वर्षही तेच. मग त्यांना का नाही, असे कोणी विचारील.

येथे मात्र मी उलट बाजूला उभा राहीन. गेलेल्यांना भारतरत्न देत बसलो तर तानसेनापर्यंत मागे जावे लागेल आणि प्रत्येक प्रांत आपापला मृत महापुरुष घेऊन दिल्लीच्या दाराशी उभा राहील. त्या रांगेत संगीतकार शेवटी असतील. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा यांच्यासाठी वेगळी सोय हवी, आणि ती करणे महाराष्ट्र शासनाच्या आवाक्यात आहे. राज्याने संगीताची एक कीर्तिसूची करावी. दिवंगत होऊन निदान दहा वर्षे झालेल्यांचाच विचार व्हावा, म्हणजे नातेवाईक, शिष्य आणि पक्ष या तिघांचाही दाब थोडा सैल होईल. दरवर्षी दोनच नावे. प्रत्येक नावामागे, ते का निवडले याविषयी जाणकाराने सही करून लिहिलेला दहा पानांचा लेख. रक्कम नको, शाल नको, मैदान तर नकोच. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्या पनवेल तालुक्यात, खारघरच्या मैदानावर, भर उन्हात लाखोंचा समुदाय बसविला गेला आणि उष्माघाताने चौदा माणसे दगावली. सन्मानाचे मोल गर्दीवरून ठरविण्याच्या वृत्तीचा याहून दुःखद हिशेब काय असेल? त्या पुरस्काराच्या आजवरच्या मानकऱ्यांत संगीतातील नावे तीनच आहेत: लता मंगेशकर, भीमसेन जोशी आणि आशा भोसले. पु. ल. देशपांड्यांची पेटी धरली तर साडेतीन.

लावणीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींचे पदक दोनदा मिळाले आणि अखेरचे दिवस हालाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. त्यांच्या नावाने राज्याचा पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर. सुलोचना चव्हाण यांना पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली, वय नव्वदीच्या घरात असताना. संगीत नाटक अकादमीने २०२३ साली पंचाहत्तरी उलटलेल्या आणि तोवर उपेक्षित राहिलेल्या ऐंशीहून अधिक कलावंतांना एकदाच म्हणून ‘अमृत’ पुरस्कार दिले. ही कृती चांगलीच. पण एका दमात ऐंशी माणसे राहून गेल्याची ती कबुलीही होती. खालच्या जातींतील स्त्रियांनी शृंगाराचे गाणे गाऊन पोट भरले, म्हणून त्यांच्या गळ्यातील मुरकी आणि अदाकारीतील ताल यांना कला म्हणावयास आपल्या सुसंस्कृत समाजाने अर्धे शतक घेतले. केसरबाई आणि मोगूबाई यांच्याही बाबतीत हे अंतर तोडावे लागलेच होते. फक्त त्यांचे गाणे ख्यालाचे असल्यामुळे ते लवकर तुटले.

आणि आमच्या भागातील धवलारणीचे काय? पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातील आगरी समाजाच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण हीच एके काळी विधीची कर्ती असे. हळदीपासून वरातीपर्यंतचा प्रत्येक प्रसंग तिच्या गाण्याने पुढे सरके. शेकडो ओळी तिला मुखोद्गत, पोथी नाही, स्वरलिपी नाही. मिठागरे आणि भातशेती गेली, सिडकोच्या वसाहती आल्या, हळदीच्या मांडवात ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि धवलारीण कोपऱ्यात सरकली. ती कोणत्या कीर्तिमंदिरात बसणार? तिचे गाणे तिच्या नावाचे नाही, गावाचे आहे. भजनी मंडळांचे, शक्तितुऱ्याचे, कातकऱ्यांच्या नाचाचे हेच. आपल्या साऱ्या पुरस्कारांची रचना एक नाव, एक छायाचित्र, एक मानपत्र अशी असते. समूहाने निर्माण केलेल्या कलेला त्या चौकटीत जागा नसते. म्हणून अशा कलेचा गौरव करावयाचा तर व्यक्तीऐवजी परंपरेची नोंद व्हावयास हवी आणि ती नोंद गाणारी माणसे हयात आहेत तोवरच होऊ शकते.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मासिक मानधन देण्याची योजना १९५० च्या दशकापासून चालू आहे. आता ती राजर्षी शाहूमहाराजांच्या नावाने ओळखली जाते. तीत पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळी अशा तीन श्रेणी होत्या आणि श्रेणीप्रमाणे रक्कम कमीजास्त असे. २०२४ साली ती सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आली. श्रेणींचा भेद मोडला हे उत्तम झाले, कारण पोटाला राष्ट्रीय आणि जिल्हा पातळी नसते. पण अर्जासोबत कलेचा पुरावा जोडावा लागतो: प्रमाणपत्रे, कात्रणे, छायाचित्रे, संस्थांची पत्रे. म्हणजे ज्याला आधीच थोडी कीर्ती मिळाली आहे त्यालाच आधार मिळतो. मोठ्या यादीतील तेच गणित येथे पाच हजारांच्या पातळीवर पुन्हा मांडले जाते. चाळीस वर्षे लग्नांत धवले गायिलेल्या बाईकडे प्रमाणपत्र कोठून येणार? तिचे कात्रण कोणत्या वृत्तपत्रात छापले गेले असेल? तिच्यासाठी गावातील दहा घरांनी, आमच्या घरचे लग्न हिने लावले, असे लिहून दिले तर तो पुरावा मानावा आणि निवड समितीने कागद मागण्यापूर्वी तिला समोर बसवून दोन धवले गावयास सांगावेत. समितीत त्यासाठी धवला म्हणजे काय हे जाणणारी निदान एक व्यक्ती हवी, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणीच शोधावी लागेल असे नाही.